आरमोरीत मी मेलो

९ डिसेंबर

आरमोरीत मी मेलेला आहे! आजच कळलं.

शाळेतलं व्याख्यान छान रंगलं होतं. नेहमीचंच — धान कापल्यावर भाताच्या बांधीत केलेलं पिच, टेनिस बॉल, मग रणजी, मग खांदा गेला आणि क्रिकेट संपलं. ‘पडलो, उठलो, माईक धरला!’ शेवटी माझा हुकमी एक्का — बाबा गेले, आणि दुसऱ्याच दिवशी मी मुलांपुढे उभा होतो. डोळ्यांत टिपूस नाही. मायलाही रडू दिलं नाही! इथे टाळ्या पडतातच. आजही पडल्या.

खाली उतरलो तर शाळेत पोषण आहाराचा भात शिजवणारी मीराबाई समोर. माझा हातच धरला.

"लय रडवलं बाबू तुनं. तू मरते तवा मले जेवन नाई गेलं."

"कोण मरतं, बाई?"

"नागसेन! नाटकातला. तूच त्याचं काम करते ना?"

"बाई, मीच नागसेन. खरा."

तिने हात सोडला. मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "खरा तं मेला ना बाबू."

हेडमास्तर पोट धरून हसले. आरमोरी माझं गाव! मायचं घर तिथून हाकेच्या अंतरावर. तरी तिला न भेटता सरळ घरची, चंद्रपूरची गाडी धरली, इतका हबकलो होतो.

१० डिसेंबर

माझ्या बायकोने, रिनाने मोबाईलवर शोधून काढलं. दिवाळी झाली की आपल्या झाडीपट्टीत गावोगाव नाटकांचे मंडप उभे राहतात, त्यातलंच एक. ‘आऊट झाला माझा राजा’. लेखक — लटारू! माझा लटारू! माझ्या बॉलिंगवर बांधीत ज्याने दोन्ही गुडघे फोडून घेतले तो विकेटकीपर!

नाव बदलायची तसदीसुद्धा घेतली नाही नालायकाने. नायक नागसेन, डावखुरा बॉलर. खांदा जातो, संघातून काढतात. तो पिचवर येतो, बॉल छातीशी धरतो आणि मरतो. मरता मरता गाणंही म्हणतो, अख्खं!

रिना आधी हसली, मग डोळे पुसायला लागली. नवरा शेजारी जिवंत बसलेला, आणि ही रडते. मी मोबाईल ओढून घेणार इतक्यात कॅमेरा प्रेक्षकांवर फिरला. पहिल्या रांगेत एक म्हातारी ओक्साबोक्शी रडत होती, तोंडात पदर कोंबून.

माझी माय.

११ डिसेंबर

मायला फोन केला. नाटक पाहिलंस? — ‘पाह्यलं. तीनदा. जेवला का?’ ‘जेवलो’ म्हटलं आणि फोन ठेवला.

१३ डिसेंबर

वडशाला गेलो, लटारूच्या नाटक कंपनीच्या ऑफिसात. मला बघताच उठून मिठी मारायला आला. मी हात झटकला. म्हटलं, मला मारायचा हक्क तुला कोणी दिला? माझी दुकानदारी काय आहे ठाऊक आहे ना? मी पडूनही उठलो, एवढंच तर विकतो मी! मेलेल्या माणसाला कोण बोलावणार व्याख्यानाला? वकिलाकडे जाईन म्हणालो.

तो शांतपणे तंबाखूचा खर्रा घोटत होता. "पैले जिताच होता ना तू नाटकात. शेवटी माईक घेऊन भाषन देत होता. भाषन सुरू झालं का लोकं चाय प्याले उठत."

बघा!

"मंग एकीनं सांगतलं, मार याले. मारला. आता मंडपात पाय ठेवाले जागा नाई."

"कोण एक?"

"मी काऊन सांगू? तुह्याच घरची हाय."

माझ्याच घरची! मी तडक दाराकडे वळलो. मागून तो म्हणाला, कबूल झालेल्या गावचे प्रयोग करतो अन् मंग बंद करतो. तुह्यापेक्षा नाटक मोठं नाई.

१४ डिसेंबर

रिनावर संशय घेतला. तिने पोळीचं लाटणं खाली ठेवलं आणि म्हणाली, "मी असते तर पहिल्याच अंकात मारलं असतं."

१५ डिसेंबर

एटापल्लीला आश्रमशाळेत व्याख्यान. ‘मायलाही रडू दिलं नाही’ — इथपर्यंत आलो आणि तो तोंडातला पदर डोळ्यांसमोर आला. पुढचं वाक्य आठवेना. मुलं टाळ्यांसाठी हात वर धरून बसलेली. पाणी प्यायलो, उतरलो. भीती वाटली. रिना नाही, मग घरची दुसरी बाई कोण?

१६ डिसेंबर

आरमोरीला जाऊन मायपुढे बसलो. ती तूर सोलत होती. विचारलं. तिने मानही वर केली नाही.

"हो, म्याच सांगतलं लटारूले. मार म्हनलं याले. घरी भाषन, मंडपातही भाषन! तुहा बाबा गेला तवा तू म्हने, माय, स्ट्राँग राह्य. रोज फोन करून तेच. पोराले वाईट वाटन म्हून घरात रडाची चोरी झाली. मंडपात सगळ्याच रडतेत, कोनी नाई म्हनत नाई."

"पण माय, मी मेलो म्हणून रडत होतीस?"

"तुह्यासाठी काऊन रडू? तू तं बसला ना समोर. तुह्या बाबासाठी रडत होती."

मीही चार शेंगा सोलल्या.

अंगणात येऊन लटारूला फोन केला. म्हटलं, बंद करू नको रे. मरू दे मला.