उजवा नाही, डावा नाही

प्रति,
मा. निवास अधिकारी,
रुग्णालय कर्मचारी वसाहत

विषय : पंपघरावरील खोली क्र. ९ बदलून मिळण्याबाबत. तत्पूर्वी दोन्ही कान एकत्र तपासण्याबाबत.
संदर्भ : आपले नामंजुरीचे पत्र, दि. ३ फेब्रुवारी.

महोदय,

१. अर्जदार रुग्णालयात टेलिफोन चालक असून अकरा महिन्यांपासून सदर खोलीत पतीसह राहते. पाळी रात्रीची, त्यामुळे झोप दिवसा. आणि खालचा पंप दिवसभर चालतो. त्याची घरघर इतकी खालच्या पट्टीतली आहे, की तिला आवाज म्हणावे की कानांवरचा दाब, हे सांगणे कठीण. कोणताही एक कान घट्ट झाकला की ती नाहीशी होते. दोन्ही उघडे असले की पाठ सोडत नाही. झोपेअभावी गेल्या महिन्यात शस्त्रक्रिया विभागाचा फोन अर्जदाराकडून धुलाईघराला जोडला गेला.

२. आपल्या आदेशाने कानतपासणी झाली. खोलीत मोजला तेवढाच आवाज आधी उजव्या, मग डाव्या कानाला ऐकवला. दोन्ही वेळा ऐकू आला नाही, हे अर्जदाराने प्रामाणिकपणे सांगितले. दोन्ही कानांना मिळून किंचित अधिक ऐकू येते, हे डॉक्टरांना मान्य आहे. "पण बाई, फॉर्मवर रकाने दोनच. मी लिहू कुठे?" असे ते म्हणाले. निष्कर्ष : 'आवाज ऐकू येत नाही.'

३. पतीचा जबाब अर्जदाराविरुद्ध धरला आहे. ते बॉयलरवर कामाला असून त्यांचा डावा कान तेथेच निकामी झाला. "अगं, इथं माशीसुद्धा घोंगावत नाही," असे ते आजही म्हणतात. खोटे बोलत नाहीत. किती कान चालतात, हे त्यांना कोणी विचारले नाही.

४. "एका कानात बोळा घालून झोपा की," ही पहिल्या अर्जाच्या वेळची आपल्या लिपिकांची सूचना अर्जदाराने तीन आठवडे पाळली. कान सुजला. बोळा वापरू नये, असे त्याच डॉक्टरांनी लेखी दिले आहे.

५. तरी दोन्ही कान उघडे ठेवून, एकाच वेळी, तपासणी व्हावी. ते जमत नसल्यास आपण स्वतः दुपारी दहा मिनिटे खोलीत बसावे.

६. तिसरा अर्ज फेटाळल्यास तक्रार खोटी धरून कर्मचाऱ्यास सेवेतून कमी करावे व खोली रिकामी करून घ्यावी, असा वसाहतीचा नियम आहे. म्हणजे खोली दोन्ही प्रकारे सुटेल. हा अर्ज तिसरा आहे, हे अर्जदारास ठाऊक आहे.

उत्तराची वाट पाहणारी, आपली नम्र,
(सही)
टेलिफोन चालक, रात्रपाळी
दि. १७ फेब्रुवारी

सोबत : कानतपासणीचा अहवाल, बोळ्याबाबत डॉक्टरांची चिठ्ठी.