मधल्या रेषेवरचा किस्सा

वेल्डन कॉलेज, आयोवा
१४ फेब्रुवारी १९९३

ती. व्हर्नाताईस,
सा. न. वि. वि.

रस्त्यावर बर्फ होता म्हणून काल तुम्ही निघाला नाहीत ते बरंच केलंत, पण बास्केटबॉलच्या एका झकास सामन्याला मुकलात. आम्ही जिंकलो. ड्वेनभावजींनी रेडिओवर ऐकलं असेलच. डुकरांना दाणा घालताना त्यांचा रेडिओ बंद असतो थोडाच!

आता तुझ्या लेकीची बातमी. माझ्या संघातल्या दोघी खंद्या मुली फाउल होऊन बाहेर बसल्या, तेव्हा जोलीनला आत धाडलं. पोरीनं समोरचीच्या हातातून चेंडू इतका अलगद काढून घेतला, की तिला कळलंसुद्धा नाही. पुढं सगळं मैदान मोकळं. धावत सुटली आणि मधल्या रेषेवर येऊन जी थबकली, ती थबकलीच! चेंडू छातीशी धरून, पलीकडे कुणाला देऊ म्हणून बघत उभी. चार वर्षं माझ्याकडे पाच-पाचचा खेळ शिकतेय, पण ऐन वेळी पाय हॅल्वरच्या शाळेचे निघाले, सहा-सहाच्या खेळातले, मधली रेषा न ओलांडणारे. सगळा हॉल हसत होता. खरं सांगते, मीही पाठ फिरवून हसून घेतलं.

ती रडवेली झाली होती. मी तिला माझ्या नियमाची आठवण दिली. मैदानावरची चूक कपडे बदलायच्या खोलीत बोलायची, त्या खोलीबाहेर ती जात नाही. वर्तमानपत्रवाले खोदखोदून विचारतात, पण ‘आम्ही चुकलो’ एवढंच मी सांगते. कोण चुकलं ते माझ्या पोटात राहतं. लोक विचारतात, बाई, तुमचं तत्त्वज्ञान काय? ताई, एवढंच आहे. बाकी नुसतं पळवणं.

गुरुवारी माजी विद्यार्थ्यांचं जेवण आहे. नवं क्रीडागृह बांधायचं तर बड्या मंडळींना खूश ठेवायला हवं, म्हणून डीननं भाषण माझ्या गळ्यात मारलंय. तुम्ही दोघं या. हॅम चांगलं असतं, आणि भाषण त्याहून चांगलं होईल.

लोभ तुझ्याकडे भरपूर आहे, त्यातला थोडा पाठव.

तुझी,
आर्डिस

हॅल्वर
२० फेब्रुवारी १९९३

चि. आर्डिस,
आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. हॅम चांगलं होतं.

भाषणाबद्दल लिहायला बसले आहे, पण शब्द जुळत नाहीत. तू टोपलीतला पाव चेंडूसारखा छातीशी धरलास, कंबर कसून निघाल्यासारखी टेबलांमधून धावलीस, आणि गालिच्याच्या काठाशी पायाची बोटं रोवून, डोळे वटारून उभी राहिलीस. हुबेहूब जोलीन. लोकांच्या डोळ्यांतून पाणी येईतो हसू. नाव घेतलं नाहीस हे खरं. पण तुझ्या संघात हॅल्वरची एकच मुलगी, आणि वाढायला संघातल्याच मुली असल्यानं ती तेव्हा कॉफीची किटली घेऊन तिसऱ्या टेबलापाशी उभी होती. एका म्हाताऱ्या गृहस्थांनी तिलाच विचारलं, की ती कोण गं, तुला माहीत असेल. तिनं त्यांच्या कपात कॉफी ओतली आणि म्हणाली, की मीच.

आर्डिस, त्या मोठ्या लोकांना काय माहीत! पण तू आणि मी दोघी गार्ड होतो. सहा-सहाच्या खेळात गार्डनं चेंडू हिसकवायचा, रेषेपर्यंत न्यायचा आणि पलीकडच्या फॉरवर्डच्या हाती द्यायचा. रेषेवर पाय पडला की शिट्टी. आपण दोघींनी सामन्यात एकदा तरी बास्केटकडे चेंडू टाकलाय का? आईनं आपल्याला हेच शिकवलं, मी जोलीनला शिकवलं. तो वेंधळेपणा नव्हता गं, ते आपल्या घरचं वळण होतं. तू त्याचाच तमाशा केलास.

ती आमच्याबरोबरच घरी आली. गणवेश तुझ्या दाराशी ठेवलाय म्हणे. शेवटचे दोन सामने खेळणार नाही. त्याहून वाईट म्हणजे इथल्या शाळेलाही ‘नाही’ म्हणून कळवायचं म्हणते. तुला ठाऊक आहे, सहा-सहाचा खेळ यंदा संपतोय. पुढच्या वर्षापासून आमच्या मुलींना पाच-पाचचा शिकावा लागणार, आणि ते शिकवायला शाळेनं तिलाच विचारलंय. लहानपणापासून तिला दुसरं काही व्हायचंच नव्हतं. आता म्हणते, की जिच्यावर लोक हसतात ती काय शिकवणार. मेअखेर उत्तर द्यायचंय.

तू केलेलं तूच निस्तर.

व्हर्ना

वेल्डन
२८ फेब्रुवारी १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गोड लागलं नाही. आधी तुझाच राग आला. वाटलं, ताईला विनोद कधी कळलाय! मग आरशासमोर उभी राहून तोच अभिनय करून पाहिला. ताई, तो करताना माझा चेहरा किती दुष्ट दिसतो, हे मला माहीत नव्हतं.

वीस वर्षं ज्या नियमाची जाहिरात केली, तो मी एका जेवणावळीत मोडला. आणि कशापायी? ती शहरी मंडळी मला गावंढळ समजतील ही धास्ती. मी त्या रेषेच्या अलीकडची नाही, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून आपल्याच पोरीला पुढं केलं.

पण काल मी ते निस्तरलं बरं का. मोसमाचा शेवटचा घरचा सामना, हॉल गच्च. जोलीन मैत्रिणींना बघायला वरच्या पायरीवर येऊन बसली होती. मी माईक मागून घेतला. तिचं नाव घेतलं, तिला उभं राहायला लावलं आणि सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. माझा गळा भरून आला. लोक उठून टाळ्या वाजवत होते. आजच्या पेपरात माझ्या मनाच्या मोठेपणावर रकाना आलाय. कापून सोबत पाठवते.

तिनं काही म्हटलं का, ते कळव. मायेत कमी-जास्त झालं असेल तर भरून घे.

तुझी,
आर्डिस

हॅल्वर
३ मार्च १९९३

ती. आर्डिसमावशीस,
सा. न.

आईनं कात्रण दाखवलं. त्यात तुझा फोटो छान आलाय.

मावशी, मी वरच्या कोपऱ्यात बसले होते, कारण मला कुणाला दिसायचं नव्हतं. तू मला उभं केलंस. ज्यांना तो किस्सा माहीत नव्हता त्यांनी शेजाऱ्याला विचारला, आणि शेजाऱ्यानं सांगितला. मी उभी होते तिथून मला ऐकू येत होतं. जेवणाच्या दिवशी लोक माझ्यावर हसले, शनिवारी त्यांनी माझी कीव केली. टाळ्या दोन्ही वेळा तुलाच मिळाल्या.

रेषेवर थबकले त्या रात्री कपडे बदलायच्या खोलीत तू माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालीस, की चूक इथून बाहेर जाणार नाही. मी तेवढ्यावर शांत झोपले होते. मला तुझी माफी नको होती. तो शब्द पाळायला हवा होतास.

कृपा करून आता आणखी काही करू नकोस. पत्रही नको.

जोलीन

वेल्डन
११ एप्रिल १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आज ईस्टर. शेजारणीनं रताळ्याचा केक आणून दिला, तो तसाच आहे.

जोलीननं लिहू नकोस म्हटलंय, म्हणून तिला लिहिलं नाही. तुला लिहिते, पण हे तिला वाचून दाखवू नकोस. तिच्या पत्रातलं एक अक्षरही खोटं नाही. मला वाटायचं, लाज वाटली की माणसानं ती बोलून टाकावी, म्हणजे संपते. माझी तर बोलल्यावर वाढली. त्या शनिवारी गळा भरून आला, तेव्हाही एक कान टाळ्यांकडे होता. हे तुझ्याशिवाय कुणाला सांगवत नाही.

परवा प्रशिक्षकांच्या मोठ्या परिषदेतून फोन होता. भाषणाला या, आणि तो रेषेवरचा किस्सा आणि मग माफी, दोन्ही सांगा म्हणे; फार परिणाम होतो. परिणाम! मी म्हटलं, की माझ्याजवळ तसला काही किस्सा नाही. गृहस्थ चकित झाले. त्यांनी तो अमक्याकडून ऐकलाय, तमक्याकडून ऐकलाय. म्हणजे किस्सा आता माझ्याशिवायही गावोगाव हिंडतोय, आणि मला तो परत बोलावता येत नाही.

सरावाला मुली माझ्याकडे बघतात आणि नजर चुकवतात. हल्ली कुणी चुकली की आधी माझ्या तोंडाकडे बघते, मी हसतेय का ते पाहायला. ताई, वीस वर्षांत असं कुणी बघितलं नव्हतं.

तिनं शाळेला काय कळवलं? नुसतं हो की नाही, एवढं लिही.

आर्डिस

हॅल्वर
९ मे १९९३

चि. आर्डिस,
अ. आ.

मका पेरायची घाई आहे, म्हणून थोडक्यात लिहीन म्हणते, पण जमेल असं दिसत नाही.

तुझं पत्र तिला दाखवलं नाही. पण ते वाचून माझंही एक बाहेर आलं. त्या जेवणाच्या वेळी मीही हसले होते, आर्डिस. टेबलावरच्या बायका माझ्याकडे बघत होत्या. माझी मुलगी आहे हे त्यांना कळू नये म्हणून मी त्यांच्याहून मोठ्यानं हसले. ड्वेन तेवढा ताटाकडे बघत बसला. तुला झापणारं पत्र मी लिहिलं, तेव्हा निम्मं स्वतःलाच लिहीत होते. गेल्या रविवारी मुरंब्यासाठी रेवाचिनीचे आंबट देठ चिरताना मी जोलीनला हे सांगितलं. तिनं सुरी खाली ठेवली नाही. म्हणाली, की माहीत आहे, आई. मी तेव्हा तुझ्याकडेच बघत होते.

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

मग ती आपणहून बोलली. शाळा म्हणे शहरातून एका पुरुषाला आणायच्या बेतात होती. तो कधी सहा-सहाचा खेळलेला नाही. मुलाखतीला आला तेव्हा त्यानं आमच्या मुलींना रेषेवर थांबताना बघितलं आणि त्याला हसू आवरेना. जोलीन ते ऐकून आली, रात्री जेवली नाही आणि सकाळी मुख्याध्यापकांकडे जाऊन हो म्हणून आली.

तुला क्षमा केलीय का, ते मी विचारलं नाही. मलाही केलीय की नाही, ते मी विचारलेलं नाही. आपण दोघी एकाच बाकावर आहोत.

जेवत जा. आशीर्वाद रागातही चालूच होते.

तुझी ताई

हॅल्वर
१४ नोव्हेंबर १९९३

ती. आर्डिसमावशीस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकली असशील. काम आहे म्हणून लिहिते.

२३ तारखेला, मंगळवारी, आमचा पहिला पाच-पाचचा सामना आहे. घड्याळ सांभाळणारे ओडेगार्डकाका गुडघा धरून बसलेत. गावात दुसरं कुणी नाही, आणि जे आहेत त्यांची मुलगी किंवा पुतणी संघात आहे. तुझा मंगळवार मोकळा आहे, हे मी बघून ठेवलंय.

घड्याळाच्या टेबलाची रीत तुला माहीत आहे, तरी सांगते. तिथं बसणाऱ्यानं ओरडायचं नाही, शिकवायचं नाही, टाळ्या वाजवायच्या नाहीत, हसायचं नाही. कॉलेजचं जाकीट घालून येऊ नकोस. कुणी भाषण कर म्हटलं तर उठू नकोस. आई म्हणते, तुला हे जन्मात जमायचं नाही. बाबांनी तिच्याशी एका ॲपल-पायची पैज लावलीय, तुझ्या बाजूनं.

मावशी, माझ्या मुली खूप घाबरल्यात आणि खूप चुकणार आहेत. तुला प्रत्येक चूक अगदी समोरून दिसेल. म्हणून तुलाच बोलावतेय. जमणार नसेल तर आत्ताच सांग, मी रागावणार नाही.

जोलीन

वेल्डन
२६ नोव्हेंबर १९९३

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझा ताप उतरला हे वाचून बरं वाटलं. नेमक्या त्याच दिवशी आजारी पडलीस! भावजींना ॲपल-पाय खाऊ घाल, ते पैज जिंकले.

तू तीन पानं भरून विचारलंयस. सामना कसा झाला, मुली रेषेवर अडखळल्या का, कोण रडलं, लोक हसले का, जोलीन त्यांना काय म्हणाली. मी टेबलाशी होते, सगळं पाहिलं. घड्याळ वेळेवर सुरू केलं आणि वेळेवर थांबवलं.

बाकीचं तिला विचार.

लोभ करावास इतकी लायक मी अजून झालेले नाही, तरी करतेस. तसाच करत राहा.

तुझी,
आर्डिस