दुसरी कड कोण धरणार?

पास्तो,
मंगळवार, १२ ऑगस्ट १९९७, सकाळचे सव्वादहा.
राळ पातेल्यात उकळते आहे, डाव्या हाताने ढवळतो आहे आणि उजव्या हाताने लिहितो आहे.

आदरणीय सोइला आत्या,

तुझ्या गुडघ्यांपासून सुरुवात करतो, कारण मागच्या नाताळात तू म्हणाली होतीस की पत्रात आधी समोरच्याची विचारपूस करावी आणि मग आपलं रडगाणं गावं. तर गुडघे कसे आहेत? लास लाहासच्या देवळाकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर अजून स्वतःच टोपली घेऊन बसतेस का? तुझ्या एम्पानादा करंज्या खपतात का? ऑगस्टचं वारं तिकडेही सुटलं असेल, कानाला रुमाल बांधत जा. इकडे सर्व क्षेम आहे (हे वाक्य पुढे खोटं ठरेल, पण पत्राच्या आरंभी दुसरं काही लिहिणं बरं दिसत नाही). तू दिलेल्या कुईंच्या, त्या गिनिपिगांच्या, जोडीची आता चुलीमागे मोठी वसाहत झाली आहे. ईस्टरला दोन भाजायचे ठरवले होते, पण ते माझ्याकडे बघत बसले आणि मी बटाट्यावर भागवलं.

आता मूळ गोष्ट. तुला रेडिओवरून कळलं असेल. नसेल तर बसून वाच. या वर्षीचं राष्ट्रीय कारागिरी पदक मला मिळालं आहे. तू घाबरू नकोस, आपल्या घराण्यातून घाबरायला मी एकटा पुरेसा आहे. हे बक्षीस कोणी मोठा साहेब ठरवत नाही, हे तुला ठाऊक आहेच. दर वर्षी एका कलेची पाळी येते (मागच्या वर्षी गवताच्या टोप्या विणणारे होते) आणि त्या कलेतली माणसंच चिठ्ठीवर एकेक नाव लिहितात. अट एवढीच, की स्वतःचं नाव लिहायचं नाही. आपल्या राळेच्या कामाची पाळी इतक्या वर्षांनी पहिल्यांदा आली. यंदा सगळं नीट पार पडलं नाही, तर पुन्हा येईल तेव्हा मला दात नसतील. आणि दात नसले तर आपल्या कामात माणूस संपला.

मतदार यादीत माझं नाव कसं, हे तू विचारशील. मी कुठला कारागीर! मी दुसरी कड धरणारा. तू काम सोडून गेल्यावर, जरा मोठा झालो तसा, सेर्बिओ मास्तरांकडे मी तुझ्या जागी उभा राहू लागलो. मग प्लुतार्को मास्तरांनी बोलावलं, मग क्लेमेंसियाबाईंनी, आणि आता गावातल्या सगळ्याच कारखान्यांत दुसरी कड माझीच असते. राळेचा गोळा गरम आहे तोवर समोरासमोर उभं राहायचं, दोन्ही हातांनी आणि दातांनी आपापली कड पकडायची आणि एका श्वासात मागे सरकत कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा ताणायचा. पुढे त्यातून पानं-फुलं कापून पेटीवर चिकटवायची, ते मास्तरांचं काम. मी तोवर पुढच्या दारी गेलेला असतो. पण सरकारचा नियम असा, की एखाद्या कलेत निदान अकरा कार्डधारक हवेत, आणि आपले दहाच भरत होते. म्हणून मला कार्ड दिलं. क्लेमेंसियाबाई म्हणाल्या, "खुर्चीचा चौथा पाय समज रे स्वतःला. कुणी बघत नाही, पण लागतो."

निवडणुकीच्या आधीचा पंधरवडा फार वाईट गेला. प्लुतार्को मास्तर सेर्बिओ मास्तरांना शिव्या घालत. सेर्बिओ मास्तर प्लुतार्को मास्तरांच्या फुलांना कोबी म्हणत. आणि हे सगळं मला, पापुद्र्याच्या पलीकडून, दात आवळून. मला उत्तर देता येत नसे, कारण माझी कड माझ्या दातांत. त्यामुळे मी प्रत्येकाच्या बाजूचा आहे अशी प्रत्येकाची खात्री झाली. वर प्रत्येकाने खासगीत आणखी एक गोष्ट सांगितली. ती मी कुणाला सांगितली नाही, आणि तिथेच माझं बुडालं. ती गोष्ट अशी: "माझं मत मी त्या दुसऱ्याला देणार नाही म्हणजे नाही. वाया घालवीन. तुझं नाव लिहीन, झालं! तुला बिचाऱ्याला एक मत पडल्याने कुणाचं काय जातंय?"

आत्या, तू हिशेबात हुशार आहेस. तुला कळलं असेल. मला कळलं नाही. मी ज्याच्या त्याच्या वेळी लाजून हसलो.

मतमोजणी मेणबत्तीवाल्यांच्या दुकानावरच्या खोलीत झाली. शाळेचे हेडमास्तर चिठ्ठ्या उघडून फळ्यावर रेघा मारत होते. पहिली चिठ्ठी माझी निघाली तेव्हा सगळे हसले. दुसरी निघाली तेव्हाही हसले. चौथीनंतर हसणं बंद झालं. सातवीनंतर मी दाराजवळ सरकलो. दहाच्या दहा चिठ्ठ्यांवर माझं नाव, आणि अकरावी कोरी. (कोरी माझी. रात्रभर विचार केला, एकाला दिलं तर नऊ जण काम बंद करतील. म्हणून घडी घालून नुसतीच टाकली.) म्हणजे माझ्याखेरीज सगळ्यांनी मला निवडलं, आणि मी कुणालाच नाही. खोलीत कुणी कुणाकडे बघेना. कारण प्रत्येकाला कळलं होतं की बाकीच्या नवांनीही तेच केलं, आणि तसं म्हणायचं तर आपणही काय केलं ते सांगावं लागतं. शेवटी प्लुतार्को मास्तर उठले, माझ्याशी हात मिळवला (बोटं अजून दुखतात) आणि म्हणाले, "अभिनंदन, लेका. आतल्या गाठीचा निघालास." दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, की पास्तोच्या कारागिरांनी असूया बाजूला ठेवून एकमुखाने एका तरुणाला निवडलं, हा आदर्श देशाने घ्यावा. ते कात्रण सगळ्या कारखान्यांत भिंतीवर लावलं आहे. प्रत्येक जण येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि मग माझ्याकडे.

मी पदक नाकारायला निघालो होतो, खरंच सांगतो. अर्ज तीनदा लिहिला, शुद्ध. तो घेऊन सेर्बिओ मास्तरांकडे गेलो. त्यांनी तो वाचला, चुलीत घातला आणि म्हणाले, "तू नाकारलंस तर परत मतदान. परत मतदान म्हणजे सगळ्यांना कळणार, कोण कुणाला देत नाही ते. गाव राहील का जागेवर? मुकाट्याने घे, नाहीतर तंगडी मोडून हातात देईन." क्लेमेंसियाबाई सौम्यपणे हेच म्हणाल्या, फक्त तंगडीऐवजी मानेचा उल्लेख केला.

इथपर्यंतची भीती मला सोसली असती. पण मग राजधानीतून पाकीट आलं. ५ सप्टेंबर, शुक्रवार, बोगोताचं मोठं नाट्यगृह, मंत्री, दिवे, कॅमेरे. आणि खाली एक ओळ: विजेत्याने मंचावर आपल्या कलेचं प्रात्यक्षिक दाखवावं. म्हणजे पापुद्रा ताणावा. "स्वतः निवडलेल्या सहकाऱ्यासह." मी ती ओळ वाचली आणि पायरीवर बसलो. विमानात बसायचं आहे, ते मी विसरून गेलो. बोगोतात पास्तोच्या माणसावर काय काय विनोद सांगतात, तेही विसरलो. (तिथल्या बाईंना फोन केला तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "तुम्ही खरंच पास्तोचे?" आणि मी हो म्हणालो तर फोनवर हात ठेवून कुणाला तरी सांगितलं, आणि पलीकडे दोघं-तिघं हसली.) भीती एकच: मी आजवर दुसऱ्याची कड धरली. माझी दुसरी कड कोण धरणार?

विचारलं, आत्या. टोपी हातात घेऊन दारोदार विचारलं. प्लुतार्को मास्तर म्हणाले, "चाळीस वर्षं दुसऱ्यांनी माझी कड धरली, आता मी तुझी धरू?" क्लेमेंसियाबाई म्हणाल्या की त्या आल्या असत्या, पण त्या आल्या तर प्लुतार्को मास्तर मला पुन्हा दारात उभं करणार नाहीत, माझ्या पोटाचा विचार करून त्या येत नाहीत. सेर्बिओ मास्तरांना विचारण्याची हिंमत झाली नाही. त्यांच्या दारावरून दोनदा गेलो, दोन्ही वेळा त्यांनी आतून विचारलं, "काय रे?" आणि दोन्ही वेळा मी म्हणालो, "काही नाही, मास्तर, वारं बघतोय."

मग बाहेरची माणसं करून बघितली. शेजारची पाववाली बाई तयार झाली, पण तिला हसू आवरेना. राळ दातांत धरून माणूस हसला की काय होतं तुला ठाऊक आहे. तिच्या भुवया सोडवायला अर्धा तास गेला. नंतर दाराच्या कडीला गोळ्याचं एक टोक बांधलं आणि मी मागे सरकलो. पापुद्रा झाला, अगदी सुरेख, आणि तेवढ्यात टपालवाला दार उघडून सरळ त्यात शिरला. (तो अजून म्हणतो, की त्याला वाटलं काच आहे.) शेवटी चर्चमधले घंटा वाजवणारे काका, मोठ्या मनाचा माणूस, म्हणाले, "आण बाळ, देवाचं काम समजून धरतो." त्यांनी हातांनी धरली, दातांनी धरली, एका श्वासात मागे सरकले, कधी नव्हे इतकी लय जमली. पापुद्रा दिव्यासारखा चमकायला लागला. आणि मग मला दिसलं, की काका मागे गेले आहेत पण त्यांचे दात पापुद्र्यावरच आहेत. वरचे-खालचे दोन्ही. त्यांना बोलता येईना, मला बोलवेना. दात उकळत्या पाण्यात घालून राळ काढली तेव्हा ते एका बाजूने किंचित वाकले होते. आता रविवारी ते प्रार्थना म्हणतात तेव्हा शिट्टी वाजते, आणि सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघतं.

मी झोपत नाही. डोळा लागला की तेच नाट्यगृह दिसतं. गोळा गरम आहे, समोर कुणी नाही, आणि मंत्री म्हणतात, "करा सुरुवात." राळ थंड होत जाते. हातात दगड होतो. लोक हसत नाहीत, हे जास्त भयंकर. मी मंचावर फसलो तर एकटा फसणार नाही. या दहा जणांनी जन्मभर जे केलं त्याचं देशासमोर हसं होईल, आणि पुढच्या पाळीपर्यंत यातले निम्मे राहणार नाहीत. त्यांनी मला चिडून निवडलं, ते खरं. पण त्यांचं काम चांगलं आहे. सेर्बिओ मास्तरांची फुलं मी पापुद्र्याच्या पलीकडून रोज बघतो. त्यांना कुणी हसलं तर मला सोसणार नाही.

असो. राळ वर येते आहे, थांबतो. प्रकृतीला जप. तुझा, नेहमी घाबरलेला,

एलिसेओ

ता. क. तुझ्या दातांची चौकशी करायची राहिली. सगळे तुझेच आहेत ना अजून?

ता. क. २. मी गोल गोल लिहितो आहे असं तुला वाटेल, म्हणून सरळ लिहितो. तू ये. माझी दुसरी कड धर. तुझ्या समोर उभं राहूनच मी श्वास कसा धरायचा ते शिकलो. तू पुन्हा राळेला हात लावणार नाही अशी शपथ घेतली आहेस, हे मला माहीत आहे. वीस वर्षं सेर्बिओ मास्तरांच्या समोर उभी राहिलीस, आणि ज्या पेटीला प्रदर्शनात बक्षीस मिळालं तिच्यावर त्यांनी एकट्याचं नाव घातलं, तेव्हा तू कड सोडून चालती झालीस. मी तेव्हा लहान होतो. तो पापुद्रा त्यांच्या अंगावर गुंडाळला गेला होता आणि तो काढायचं सोडून ते तुझ्याकडे बघत उभे होते. मंचावर दोघांची नावं पुकारावीत, असं मी राजधानीला कळवलं आहे. त्या हसणाऱ्या बाई म्हणाल्या, असं कधी केलं नाही, पण बघू.

ता. क. ३. रागावू नकोस. "बघू" म्हणाल्या तेव्हा त्यांना नाव हवं होतं, म्हणून तुझं नाव मी मागच्या बुधवारीच देऊन टाकलं. विमानाचं तिकीटही तुझ्या नावाचं निघालं आहे.

ता. क. ४. पत्र बंद करत होतो तेवढ्यात सेर्बिओ मास्तर आत आले. नवा शर्ट घातला होता, केस कापले होते. म्हणाले, "गाढवा, दारावरून काय येरझाऱ्या घालतोस? तुझी कड मी धरतो. बोगोतात मला कोण ओळखतंय?" आत्या, माझ्या हातातला झारा पडला. मी सांगितलं की नाव आधीच गेलं आहे. कुणाचं, ते विचारलं. मी सांगितलं. त्यांनी झारा उचलला आणि पातेल्यातली राळ ढवळली. मग म्हणाले, "ती येते म्हणाली?" मी म्हणालो, "तिला अजून विचारलेलं नाही, मास्तर. आत्ताच लिहितोय." निवडणुकीनंतर पहिल्यांदा ते हसले. म्हणाले, "मग मेलास तू." आणि समोरच्या स्टुलावर बसून राहिले आहेत. उठत नाहीत. पत्र मी स्वतः पोचवतो म्हणतात, टपालाने नाही, तुझ्याकडे येणाऱ्या इपियालेसच्या गाडीने. पत्ता मोठ्या अक्षरांत लिहायला सांगितला आहे, आणि मी लिहिला आहे, कारण ते माझ्याकडे बघत होते. तेव्हा दार वाजलं तर लगेच ओरडू नकोस. आधी पत्र वाच, मग काय ओरडायचं ते ठरव.