साक्षीदाराची सही

२ एप्रिल २०२०, गुरुवार

सकाळीच थॅडचा फोन. "आर्डी, ऐकलंस का? जज्जानं सहीची भानगड काढून टाकली."

घरून टपालाने मत द्यायचं तर पाकिटावर साक्षीदाराची सही लागते, आमच्या विस्कॉन्सिन राज्याचा नियमच आहे. माझा भाऊ थॅड एकटा राहतो, पार शहराच्या दुसऱ्या टोकाला. साखरेचा आजार, त्यात फुप्फुसाचं ऑपरेशन झालेलं. मार्चपासून त्याने कुणाला दारात उभं केलेलं नाही. मी म्हटलं होतं, खिडकीबाहेर उभी राहते, पाकीट बाहेर सरकव, सही करते. तर म्हणे, "दोन बस बदलून येणार? लोकांचा खोकला खात? गप घरी बस."

आता एकट्या माणसाने 'साक्षीदार मिळाला नाही' असं लिहून दिलं की झालं. त्याने लिहूनही टाकलं. "अक्षर असं काढलंय ना, शाळेतल्या मिसेस टॉलिव्हरनी वर्गाच्या भिंतीवर लावलं असतं."

मतदान मंगळवारी, आणि माझी मतपत्रिका अजून आलीच नाही. अर्ज करून किती दिवस झाले.

३ एप्रिल, शुक्रवार

सकाळी थॅडने पाकीट कोपऱ्यावरच्या टपालपेटीत टाकलं. संध्याकाळी बातम्या — वरच्या कोर्टाने कालचा निकाल थांबवला. सही हवीच.

फोन केला. त्यालाही कळलं होतं. म्हणाला, "सकाळी कायदा होता गं. मी कायद्यानेच टाकलं."



५ एप्रिल

ईस्टरच्या आधीचा झावळ्यांचा रविवार, आणि चर्चला कुलूप. पास्टरांचं प्रवचन फोनवर, मधेच कुणाचातरी कुत्रा भुंकत होता. टपाल उद्या.

६ एप्रिल, सोमवार

टपालात काही नाही.

दुपारी गव्हर्नरने मतदान जूनपर्यंत पुढे ढकललं. खुर्चीत बसून रडलेच थोडी, सुटल्यासारखं वाटलं. थॅड म्हणाला, तोवर तुझी मतपत्रिका येईल, माझंही काहीतरी करता येईल.

संध्याकाळ होते न होते तोच राज्याच्या कोर्टाने तेही उलटवलं. मतदान उद्याच.

मी म्हटलं, मी जाणार. मिसिसिपीत काळ्या माणसांना मत देऊ देत नसत; आईने आम्हाला तिथून इथे आणलं ते कशासाठी, हे त्याला सांगायला नको. तो म्हणाला, "मग मी गाडी घेऊन येतो."

"तुझं पाकीट गेलंय. तू कशाला येतोस?"

"विचारायला. ते मोजणार की नाही, हे कुणीतरी तोंडावर सांगू दे."

भांडलो. मी फोन आपटला.

७ एप्रिल, मंगळवार

उजाडताच दारात गाडी. मी मागे बसले, काचा उघड्या. दोघंही कुडकुडत.

आमच्या नेहमीच्या ठिकाणी कुलूप. काम करायला माणसंच नाहीत, म्हणून शहरातली बहुतेक केंद्रं बंद. जी शाळा उघडी होती तिला रांगेने वेढा घातलेला. थॅडने माझ्यासाठी घडीची खुर्ची आणली होती. स्वतः एकदाही टेकला नाही. मधेच गारा आल्या, तर खुर्ची उचलून माझ्या डोक्यावर धरली. म्हटलं, तूही ये खाली. "लांब राहा," म्हणाला. "सहा फूट." आणि हसला. मास्कवरून फक्त डोळे दिसले.

आत टेबलामागच्या बाईने त्याचं नाव शोधलं. "मिस्टर बर्डेट, तुमचं पाकीट आलंय. दोनदा मत देता येत नाही."

"दोनदा नको. त्यावर सही नाही. ते धरणार का?"

"ते माझ्या हातात नाही हो."

"मग कुणाच्या?"

बाई रडवेली झाली. थॅडनेच तिची समजूत घातली. "असू दे. तुम्ही कामाला आलात तरी." बाजूला जाऊन भिंतीशी उभा राहिला आणि माझं होईपर्यंत थांबला.

येताना दुकानाच्या खिडकीवरून आइस्क्रीमसारखी दोन गोड कस्टर्ड घेतली. त्याने ते खायला नको. तरी मी घेऊ दिलं.

१३ एप्रिल

आज मोजणी. थॅडला फोन केला. निकालाचं काही विचारलं नाही त्याने. "फ्रीजमधल्या कस्टर्डाला चवच नाही आता. कॉफीलासुद्धा नाही," म्हणाला. मी हातातलं काम तसंच ठेवलं.

१६ एप्रिल

थॅड दवाखान्यात. मला आत सोडत नाहीत.

१९ एप्रिल, रविवार

नर्सने त्याच्या कानाशी फोन धरला. मी बडबडत राहिले — शेजारणीचं मांजर, आईची ती जुनी गाडी, काहीही. पलीकडून फक्त यंत्राचा आवाज. शेवटी नर्सच म्हणाली, "ते ऐकतात हं." खरं असेल.

२३ एप्रिल

थॅड गेला.

२८ एप्रिल

पुरलं त्याला. मोजकीच माणसं, लांब लांब उभी. कुणी कुणाला जवळ घेतलं नाही. पास्टरांचा आवाज वाऱ्याने नेला. घरी आल्यावर कोट काढवेना.

मला साधा ताप नाही. गाडी एक, रांग एक. मलाच का नाही?

३० एप्रिल

मतदान कचेरीला विचारलं. थॅडचं मत बाद. पाकिटावर साक्षीदाराची सही नाही.

६ मे

आरोग्य खात्यातून फोन. पोरगी बोलायला गोड. रांगेत उभं राहून मत दिल्यावर कितीजण आजारी पडले, कितीजण गेले, याची मोजदाद चाललीय म्हणे. "तुमच्या भावाने त्या दिवशी तिथे मतदान केलं होतं का?"

मी म्हटलं, उभा होता. सकाळभर. मत देऊ दिलं नाही त्याला.

ती अगदी हळू म्हणाली, "सॉरी मॅडम. मग यातही ते मोजले जाणार नाहीत."