बाल्गाची झाडे हलवू नयेत

मी, अ‍ॅव्हिस ट्रेथोवन, राहणार जॅराडेल, वय वर्षे चौऱ्याहत्तर, पूर्वी शाळेची बस चालवीत असे. आज डोके ठिकाणावर असताना आणि कोणी मागे उभे राहून सांगत नसताना माझ्या मिळकतीची व्यवस्था लिहून ठेवीत आहे. माझे पती क्लेम हयात असताना केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात सगळे क्लेमला दिले होते, आणि क्लेम आता नाही.

कलम पहिले. घर व जमीन माझी मुलगी लिनेट हिच्या नावे व्हावी. मात्र ग्लेनिस हार्विल हिला या घरात तहहयात राहण्याचा हक्क राहील, आणि तोवर लिनेटने घर विकू नये. ग्लेनिस कोण, हे लिनेटने मला कधी विचारले नाही. म्हणून येथेच सांगते.

क्लेम गेला त्याच वर्षी माझा धाकटा भाऊ रॉस याने वडिलांचे रान घरे बांधणाऱ्यांना विकले. त्या रानात बाल्गाची झाडे होती. काळे खोड आणि वर गवताचा झुपका. आमच्या आजोबांच्याही आधीपासूनची. मी रॉसला फोन केला.

"ती झाडं मला दे."

"ती गवताची खुंटं? ने की, बुलडोझर यायच्या आत. फक्त ते उंच मला ठेव. लाकडाच्या लेथवर त्याचे वाडगे सुरेख होतात."

"जिवंत झाडाचे वाडगे करणार?"

"तू उपटलंस की मरणारच आहे ते, अ‍ॅव्हिस."

त्यानंतर आम्ही बोलणे सोडले.

ग्लेनिसकडे अशी झाडे हलवण्याचा सरकारी परवाना होता आणि स्वतःचे खोदायचे यंत्र होते. ती म्हणाली, "मुळं उघडी पडता कामा नयेत. झोपलेल्या माणसाला गादीसकट उचलावं, तसं मातीसकट उचलायचं." पाती वर बांधून झाडे ट्रकवर आडवी घातली. मी गाडीने मागून येत होते. धुके होते. पुढे ट्रकवर ती झाडे डुलत चालली होती, आणि मला वाटत राहिले की माझ्याच बसमधली मुले शाळेतून परत येताना झोपी गेली आहेत.

उतारावर लावून झाल्यावर मी विचारले, "जगतील का गं?"

"दोन वर्षं तरी कळायचं नाही. बाल्गा मेला तरी बराच काळ हिरवाच दिसतो."

मुळे धरावीत म्हणून ती दर आठवड्याला येऊन झाडांना तपकिरी साखरेचे पाणी घालू लागली. मग येण्याजाण्याचा त्रास नको म्हणून तिने आपले चाकांवरचे घर माझ्या पाण्याच्या टाकीमागे आणून लावले. म्हणाली, "झाडं जगली की निघेन."

तो काळ मला नीट सलग आठवत नाही. दुपारी आम्ही दोघी ओसरीत बसायचो. पात्यांमधून वारा जाई, तेव्हा शेजारच्या खोलीत कोणी लांब केस विंचरत असल्यासारखे वाटे. मी त्या उंच झाडापाशी जाऊन त्याला क्लेमच्या गोष्टी सांगत असे. ते ऐकते, अशी माझी खात्री होती.

पुढच्या उन्हाळ्यात घळीतून वणवा वर आला. न बोलावता रॉस ट्रकवर पाण्याची टाकी घेऊन आला. आम्ही तिघांनी घर वाचवले. शेड जळाली, झाडे जळाली. काजळलेल्या तोंडाने रॉस म्हणाला, "तुझी झाडं गेली गं."

ग्लेनिस म्हणाली, "थांबा जरा. बाल्गाला आग नवीन नाही."

काळ्या खुंटांतून हिरवे फुटले. वसंतात प्रत्येकातून भाल्यासारखा उंच तुरा निघाला, पांढऱ्या फुलांनी भरला आणि सारा उतार मधमाश्यांनी गुणगुणू लागला. उंच झाडाला मात्र काही आले नाही. ग्लेनिसने त्याच्या शेंड्यात बोटे घातली. आतला गाभा भुसा होऊन तिच्या हातात आला.

"हा बहुतेक आला तेव्हाच गेला होता," ती म्हणाली. "मला मागच्या वर्षीच शंका आली होती."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू बोलत होतीस ना त्याच्याशी."

कलम दुसरे. ते उंच झाड रॉसला द्यावे. त्याने खुशाल वाडगे करावेत. या एका झाडाबाबत त्याचे खरे ठरले, बाकीच्यांबाबत नाही. दोन्ही गोष्टी त्याला सांगाव्यात.

कलम तिसरे. उरलेली झाडे कोणीही, कधीही हलवू नयेत. पुढे केव्हा घर विकलेच, तर विक्रीच्या कागदात ही अट घालावी. खाली लोंबणारी वाळकी पाती नीटनेटकेपणाच्या हौसेने छाटू नयेत.

कलम चौथे. बँकेत जे असेल ते लिनेटचे. त्यातून गावच्या अग्निशमन स्वयंसेवकांना एक चांगला पाण्याचा पाइप घेऊन द्यावा.

कलम पाचवे, आणि हे लिनेटने नीट वाचावे. तुरे आले त्या आठवड्यात ग्लेनिस सामान बांधू लागली. "जगली. आता निघते." मी म्हटले, टाकीचा नळ गळतो आहे. तो दुरुस्त झाला तर दाराची कडी निघाली. तेव्हापासून या घरात काही ना काही मोडलेलेच असते, आणि ते कोण मोडते हे तिने मला अजून विचारलेले नाही. आज साक्षीदार येथे बसले असताना ती बाहेर पत्रा ठोकते आहे. लाभ मिळणाऱ्याने साक्ष करू नये, म्हणून तिला आत बोलावले नाही, आणि काही सांगितलेलेही नाही. घर लिनेटला जाईल आणि मग आपल्याला निघावे लागेल, असे ती धरून चालली आहे.

लिनेट, तिला वकिलाचे पत्र पाठवू नकोस. स्वतः ये, स्वयंपाकघरात तिच्यासमोर बस, आणि जायचे नाही म्हणून सांग. ती "बघू" म्हणेल. तिचा होकार तसाच असतो.

हे सर्व वाचून, समजून सही केली.
अ‍ॅव्हिस ट्रेथोवन

आमच्या दोघांच्या देखत सही झाली:
१. बेरिल ओट्स, शेजारीण
२. डेन्झिल मॅकआयव्हर, निवृत्त टपालवाले

जॅराडेल, पश्चिम ऑस्ट्रेलिया
१४ ऑक्टोबर २०१९