उगाळायची नाही अशी गोळी

आई, आधी आले ते धाकटीचे मालक, तेही एकटेच. पिशवी ओट्यावर टेकवली आणि म्हणाले, "तुमची बहीण पारापाशी बसलीय, दम लागलाय." बेलापूरहून दोन एस्ट्या बदलून आलेले, वर आमचा हा राजूरकडचा चढ. मी तांब्या घेऊन निघते तोवर तीच आली, छातीत पिपाणी वाजवत. बसली, पाणी प्यायली आणि बोलायच्या आधी पिशवीतनं काय काढलं असेल? तुझी सहाण. तू गेल्यावर मला बुगड्या आल्या आणि तिला सहाण, तेव्हापासून तुझी गादी आपणच चालवतो असं ती समजते. दमा मात्र तू दोघींना सारखा वाटून दिलास.

तर झालं असं की तिकडच्या डॉक्टरनं तिला माझ्यासारखीच गोळी दिली, सकाळी एक, आख्खी गिळायची. दोन दिवस तिनं गिळली. तिसऱ्या दिवशी परसाकडे गोळी आख्खीच बाहेर पडलेली दिसली. मग तिनं ठरवलं, औषध अंगी लागतच नाही. सहाण घेतली, गोळी मधात उगाळून चाटली. घटकाभरात काळीज धडधडायला लागलं, हात लटलट कापले, ओकारी झाली, आणि दिवस कलायच्या आत पुन्हा दम लागला. आता म्हणते, गोळ्या सोडल्या, आणि आक्का तू पण सोड, हेच सांगायला एवढा चढ चढून आले.

मी हसले नाही, कारण हाच घोळ मी गेल्या साली घातलाय. तुझ्या हाताखाली वाढलेलं माणूस दुसरं काय करणार? वेखंड, जायफळ, हळकुंड, सगळं तू उगाळून चाटवलंस. "उगाळल्याबिगर औषद अंगी लागत न्हाई," हे म्हणायला तू जेवण थांबवायचीस. माझ्या हातातनं गोळी हिसकावली ती माझ्या नातीनं. ती नगरला नर्सचं शिकते, पांढऱ्या साडीत अशी दिसते की तू असतीस तर मीठमोहऱ्या ओवाळल्या असत्यास. मला दुसरीपर्यंतचंच येतं, पण तिनं चुलीपुढं बसून सांगितलेलं सगळं ध्यानात राहिलं. ही गोळी म्हणजे मेणासारख्या पदार्थात कोंडलेलं औषध. पोटातलं पाणी बारीक छिद्रांतनं आत शिरतं आणि औषध दिवसभर पाझरतं, आपला माठ पाझरतो तसं. उगाळली की माठ फोडला, दिवसाचं पाणी एकदम अंगावर. आणि धाकटीनं पाहिली ती गोळी नव्हे, रिकामा माठ.

सगळ्या गोळ्या अशा नसतात बरं का. नातीनं एक लांबट कॅप्सूल दाखवली, तिच्यात खसखशीएवढे दाणे. काहींवर लेप पातळ, काहींवर जाड. पातळ आधी विरघळतात, जाड मागनं, म्हणजे पाळ्या लावल्यासारखं. तसली उघडून दाणे पेजेवर टाकले तर एखादीला चालतं, डॉक्टरला विचारून, पण दाताखाली घ्यायचे नाहीत. एखाद्या गोळीला मधे रेघ असते, ती मोडली तर चालते, चुरा नाही. आणि एक असते वरून गुळगुळीत, जठरात गप्प राहते, आतड्यात गेल्यावर उघडते आणि सगळं सोडते. ती हळूची नाही, उशिराची. हळू आणि उशिरा ह्यात फरक असतो हे मला साठी उलटल्यावर कळलं.

हे सगळं मी धाकटीला दोनदा सांगितलं. ती सहाणेवर हात ठेवून बसलेली. "आईनं कधी आख्खी गोळी गिळाया सांगितली हुती का?" म्हणाली. "तुझी नात मोठी का आई?"

आई, तुझ्या शेवटच्या आठवड्यात उशाशी मी होते. तिला सासरहून यायला उशीर झाला. आपण दोघींनी मिळून काय उगाळायचं बाकी ठेवलं होतं? तुझा दमा हटला नाही तो नाहीच. तुला राग आला तर येऊ दे. नातवंडांचं वेखंड मी अजूनही उगाळते, पण दम्याची गोळी सहाणेवर चढू देणार नाही, मग समोर तू उभी राहिलीस तरी.

डॉक्टरचं नाही, नातीचं नाही, माझं तर नाहीच. ती ऐकते फक्त तुझं. म्हणून मी म्हणाले, "आई सपनात आलती. म्हनली, धाकटीला सांग, ही उगाळायची न्हाई."

तिनं विचारलं, "कुठलं लुगडं हुतं?" मी म्हणाले, हिरवं. तिनं गोळी जिभेवर ठेवली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

चार दिवस राहिली, रोज माझ्यासमोर गिळली. चौथ्या दिवशी विहिरीपर्यंत गेली आणि वाटेत न बसता माघारी आली, वर माझ्या भाकरीला नावं ठेवली. तेव्हा मला खात्री पटली.

हे पत्र कुठं टाकायचं, तुला काय पत्ता आहे? पिठाच्या डब्याखाली राहील. पण एक सांगून टाकते. तू गेल्यापासून एकदाही माझ्या स्वप्नात आली नाहीस. हिरवं लुगडंही मी मनानंच सांगितलं. धाकटी जाताना म्हणाली, मंगळवारी पुन्हा येते, आई आणखी काय काय बोलली ते सगळं सांग. तर मंगळवारच्या आत एकदा येऊन जा.