चीनमधली माझी दोन जेवणं

६ नोव्हें., गुरु.
अंबड चौफुलीच्या पुढं नव्या वसाहतीत एका गिऱ्हाइकाला फवारणी पंप पोचवायला गेल्तो. येताना भूक लागली, कोपऱ्यावरच्या चायनीजमध्ये शिरलो. पत्र्याचं शेड, भिंतीवर ड्रॅगन, मंचुरियनचा रंग बोटाला तीन दिवस राहील असा. दुपारचे चार. गिऱ्हाईक कोणी न्हाई. मागून सुरीचा आवाज. कोबी चिरताना असा येत नाही. हा बारीक, सलग. मग तापल्या कढईत काहीतरी आंबट पडलं, चर्र झालं, वास थेट मेंदूत. उठून आत गेलो. मालक आणि त्याची बायको स्वतःपुरतं जेवायला बसत होते. आगकाडीएवढा चिरलेला बटाटा, सिरका, अख्ख्या लाल मिरच्या. म्हणलं, मला हेच द्या.
मालक म्हणाला, "हे मेनूत न्हाई काका. हे घरचं हाये."
बटाटा दाताखाली करकर वाजला. जीभ जरा बधिर झाली. दोनदा वाढून घेतलं.

९ नोव्हें., रवि.
आज सौ.ला घेऊन गेलो. मालकाचं नाव भरत, वडीगोद्रीकडचा, बाप अजून मेंढरं राखतो. बायको संगीता. भरत आधी एका स्टील कारखान्याच्या गेस्टहाऊसमध्ये स्वयंपाकी होता. भट्टी बसवायला चिनी इंजिनिअर आले, दोन वर्षं राहिले. त्यातल्या लिन साहेबानं याला शेजारी उभं करून शिकवलं. त्यांना जीभ बधिर करणारं कसलंतरी बी पाहिजे होतं, ते मिळेना. भरतनं सगळा मसाला बाजार पालथा घालून तिरफळ आणलं. लिन साहेबानं पुडी हुंगली आणि बराच वेळ खाली ठेवलीच न्हाई म्हणे. साहेब गेले, यानं हॉटेल टाकलं. लोकांना लाल रंगाचंच पाहिजे, म्हणून लाल विकतो.
सौ. म्हणाली बटाटा कच्चा राहिलाय, आणि प्लेट पुसून खाल्ली. वर सांगून मोकळी झाली, की हे चीनला जाऊन आल्यात.
भरत हात पुसत समोर आला. "मंग तुम्हीच सांगा काका, बराबर हाये का?"
मी म्हणालो, चव झकास, पण तिथं तिखट नसतं. तिरफळ तर बिलकुल न्हाई.
का बोललो?

१० नोव्हें., सोम.
इथं तरी खरं लिहितो. चीनला गेलो बारा वर्षांपूर्वी, पंप बघायला. अकरा दिवस. मांस कशाचं असेल या धास्तीनं पहिले दहा दिवस दशम्या आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढले. शेवटच्या दिवशी पंपवाल्यानं घरी नेलं, त्याच्या आईनं सकाळ-संध्याकाळ जेवू घातलं. तिखट नव्हतं. झालं. एवढ्या भांडवलावर बारा वर्षं बाजारात चायनावाले काका म्हणून मिरवतोय. तीर्थपुरीच्या आठवडी बाजारात गोणपाटावर बसून पंप दुरुस्त करणारा माणूस विमानानं गेला, हे लोकांना किती वेळा सांगणार? मग जेवणाचं सांगायला लागलो.

१३ नोव्हें., गुरु.
भ.नं मिरची काढली, तिरफळ काढलं. प्लेट ठेवून तोंडाकडं बघत उभा.
"आता?"
"हां, आता आलं."
काही आलं नव्हतं. दवाखान्यातलं जेवण. सगळं संपवलं. दुसरं करणार काय.

१८ नोव्हें., मंगळ.
भ.चा फोन. कारखान्यात पुन्हा चिनी इंजिनिअर यायलेत. तिघं आलेत, बाकीचे मागून. सोमवारी दुपारी चवीपुरता डबा मागवलाय. पसंत पडला तर वर्षभर दोन्ही वेळचं यानंच द्यायचं. मग लाल रंगाची बाटली उकिरड्यावर टाकतो म्हणाला. आवाजात असा आनंद, की फोन कानापासून जरा लांब धरला.
शेवटी म्हणाला, "तुमच्या पद्धतीनंच करून राह्यलोय काका."
मी बरं म्हणालो. बरं!

२२ नोव्हें., शनि.
सांगायला गेलो. दारातच आतलं ऐकू आलं. संगीता म्हणत होती, तुमच्या हाताला येतं तेच पाठवा ना. भ. म्हणाला, "काकांनी देश पाह्यलाय. म्या एका साहेबाचं ताट पाह्यलंय." तसाच परत फिरलो.
घरी सौ.ला सगळं सांगून टाकलं. ती पालक निवडत होती, मान वर न करता म्हणाली, "दशम्या म्याच बांधल्या व्हत्या. परत आल्या त्या किती, ते मोजलं व्हतं."
म्हणजे बारा वर्षं माहीत. मग बोलली का न्हाईस?
"तुम्ही सांगताना लई छान दिसायचे. पण त्या लेकराच्या डब्यात नका घालू ते."

२४ नोव्हें., सोम.
रोजनिशी पिशवीत आहे, हॉटेलच्या बाकावरच लिहितोय.
सकाळी आठला आलो. भ. बटाटे चिरत होता. बसायच्या आधी बोललो. "भरत, मी तिथं दोनदाच जेवलो. एकाच घरात. बाकी सगळ्या बाता."
सुरी थांबली. संगीतानं एकदा माझ्याकडं बघितलं, ते पुरलं. भ.नं बराच वेळ नुसता बटाटा धुतला.
मग विचारलं, "त्या दोन टायमाला काय होतं?"
टोमॅटो आणि अंडं, किंचित गोड. म्हातारीनं तिच्या जेवायच्या काड्यांनी माझ्या वाटीत वाढलं होतं.
"अंडं आधी का टोमॅटो?"
मी बाहेरच्या खोलीत होतो, दिसलं न्हाई. पण ऐकलं होतं. आधी अंड्याचं फस्स, मग कढई खरडल्याचा आवाज, मग टोमॅटोचं पाणी सुटलं, मग पुन्हा खरडणं. भ. डोळे मिटून ऐकत होता. माझ्या कानांवर भरवसा ठेवून त्यानं ते केलं. जवळपास तेच झालं.
बटाट्यात तिरफळ मूठ भरून टाकलं. माझा सल्ला न विचारता.
"दोन्ही पाठवतो," म्हणाला. "तुमची म्हातारी काय खोटी न्हाई काका."
साडेअकराला स्कूटरवर गेला. एका डब्यात बटाटा, एकात टोमॅटो-अंडं. आता अडीच. कारखान्याच्या गेटवर फोन जमा करतात, त्यामुळं फोन न्हाई. संगीतानं चहा दिला. बोलत न्हाई, पण दिला.
स्कूटर. चौफुलीकडून वळली. संगीतानं शेगडी बंद केली, नीट ऐकू यावं म्हणून. खड्ड्यात रिकामा डबा वाजतो, भरलेला वाजत न्हाई. दोनातला एकच वाजून राह्यलाय. कोणता, ते इथून कळत न्हाई.